एका खात्यात चार घरं

प्रश्न:

आदरणीय काकू,

मी सांगलीत विश्रामबागला राहते. वय 41. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. जुनी पेन्शन मला नाही. ह्यांचा छोटा छापखाना आहे. ह्यांचे कॉलेजपासूनचे तीन मित्र. एकाची पलूसजवळ आठ एकर बागायत आहे. दुसरे घरी बसून कॉम्प्युटरचं काम करतात, त्यांना आम्हा सगळ्यांपेक्षा कितीतरी जास्त मिळतं. तिसऱ्यांनी औषध कंपनीतली नोकरी सोडली, आता पलूसच्या शेतीतच लक्ष घालतात. 2019 च्या पुरात त्यांचं गावभागातलं घर पाण्यात गेलं, तेव्हा ते सगळे आमच्याकडे राहायला होते. एका चुलीवर अकरा माणसांचं जेवण व्हायचं आणि कुणाला ते ओझं वाटलं नाही. तेव्हापासून चौघांच्या डोक्यात आहे की पलूसच्या शेतात चार घरं बांधायची, स्वयंपाकघर एक ठेवायचं आणि सगळ्यांची कमाई एकाच खात्यात टाकायची. ज्याला जसं लागेल तसं त्यानं घ्यायचं. "मित्रांत हिशेब आला की मैत्री गेली," असं हे म्हणतात. सासूबाई म्हणतात, "सख्खे भाऊ टिकले नाहीत, हे परके काय टिकणार?" मला ती माणसं मनापासून आवडतात, त्यांच्या बायकाही. पण महिन्याला ठरलेला पगार येणारी चारचौघींत मी एकटीच. असं कुठं टिकलंय का? की मी वेळीच नाही म्हणावं?

एक वाचक, सांगली

उत्तर:

टिकलंय, आणि शेकडो वर्षं टिकलंय. पण तुमचे यजमान म्हणतात तसं, हिशेब न ठेवता नुसत्या मैत्रीवर टिकलेलं एकही उदाहरण मला माहीत नाही. म्हणून माझं उत्तर असं आहे: एकत्र राहायला हो म्हणा, एका खात्याला आत्ताच हो म्हणू नका. आता जरा सविस्तर लिहिते, कारण तुमचं पत्र वाचून मला बरं वाटलं. पुरात एकमेकांच्या घरात राहून पुढं एकत्र जगावंसं वाटणं ही साधी गोष्ट नव्हे, आणि ती नीट न मांडल्यामुळं मोडू नये असं मला फार वाटतं.

हटराइट नावाचा एक ख्रिस्ती पंथ आहे. 1528 मध्ये मोरावियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, छळामुळं घरंदारं सोडून निघालेल्या या लोकांनी जमिनीवर एक झगा अंथरला आणि ज्याच्याजवळ जे होतं ते त्यावर आणून ठेवलं. त्यांचे वंशज आज अमेरिकेत आणि कॅनडात शेती करतात. वस्त्या पाचशेच्या आसपास आहेत आणि कुणाच्या नावावर स्वतःचं असं काही नाही. वस्तीत माणसं दीडशेच्या घरात गेली की ते नवी जमीन घेऊन वस्ती दोन करतात. एकमेकांना ओळखत नाहीत इतकी माणसं ते एका ठिकाणी होऊ देत नाहीत. पण त्यांना बांधून ठेवणारा धर्म आहे, वेगळी भाषा आहे, आणि वस्ती सोडणारा सहसा रिकाम्या हातानंच जातो. तुमच्या चार घरांना यातलं काहीच नाही, आणि ते असावं असंही मी म्हणणार नाही.

तुमच्या बेताच्या जास्त जवळचं उदाहरण इस्रायलच्या किबुत्झचं, म्हणजे सामाईक शेतीवस्तीचं. पहिला किबुत्झ डेगानिया, 1910 चा. ही माणसं धर्मासाठी एकत्र आली नव्हती. शेतात राबायचं, जेवण एका मोठ्या खोलीत, पगार कुणालाच नाही, गरज पाहून प्रत्येकाला मिळणार. सुरुवातीला कपडेसुद्धा सामाईक होते, धुऊन आले की मापाचे उचलायचे. पुढं आपापल्या खोलीत चहासाठी किटली असावी की नाही यावर वाद झाले. वाचताना क्षुल्लक वाटेल, पण मला त्यात सगळा विषय दिसतो. किटली आली की माणूस संध्याकाळी सगळ्यांत येऊन बसायचं सोडतो, ही एक भीती. आणि दिवसभर राबल्यावर आपल्या खोलीत आपल्या माणसाबरोबर घोटभर चहा प्यावा एवढी इच्छाही सभेत मांडावी लागावी, हे दुसरं दुःख. दोन्ही खरी होती. 1980 च्या दशकात इस्रायलमध्ये महागाई भडकली, किबुत्झांवर कर्जाचे डोंगर झाले, आणि तरुण, शिकलेली, बाहेर जास्त कमावू शकणारी माणसं निघून जाऊ लागली. तेव्हा एकेका किबुत्झानं कामाप्रमाणं कमीजास्त पगार सुरू केले. 2007 मध्ये डेगानियानंही तेच केलं. आज बहुतेक किबुत्झ तसेच चालतात. म्हातारपण, आजारपण, शिक्षण यांची जबाबदारी मात्र बऱ्याच ठिकाणी एकत्रच ठेवली आहे. याला कुणी अपयश म्हणतात. मी म्हणत नाही. सत्तर-ऐंशी वर्षं जे चाललं ते चाललंच, आणि बदलतानाही त्यांनी अडल्यानडल्याचा हात सोडला नाही.

तुमच्यातले कॉम्प्युटरवाले भाऊजी कोण आहेत ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. ते मनानं चांगले आहेत असं तुम्ही लिहिलंय आणि मी ते मानते. तरी त्यांच्या मुलाला उद्या परदेशी शिकायचं असेल आणि त्याच वर्षी ठिबक बदलायचं असेल, तेव्हा त्यांच्या मनात काय येईल याचा विचार आज करायचा.

मी सहकार खात्यात लेखापरीक्षक होते. पण त्याच्या आधी मी वाळवा तालुक्यातल्या एका एकत्र घरातली मुलगी होते, आणि या प्रश्नाचं माझं खरं शिक्षण तिथंच झालं. वडील धरून चार भाऊ, आजी, आम्ही दहाबारा पोरं. कृष्णाकाठची मळीची जमीन, ऊस आणि हळद. हळद सांगलीला सौद्याला जायची, आडत्याकडून पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, यायची, आणि पैसे थोरल्या चुलत्यांच्या ट्रंकेत. थोरले चुलते अत्यंत सचोटीचे होते, हे आधी लिहिते. त्यांनी स्वतःसाठी दमडी बाजूला काढली नाही. तरी घरातल्या बायकांना बांगड्या भरायच्या तरी सांगावं लागायचं, माहेरी जायच्या भाड्यालासुद्धा मागावं लागायचं. त्यांनी कधी नाही म्हटलं नाही. पण मागावं लागायचं, हे होतंच.

माझी धाकटी काकू शिवण शिकून आलेली. गावातल्या बायकांची झंपर शिवायची, रात्री कंदील लावून. मिळालेले पैसे पहिल्यांदा तिनं सासूच्या हातात दिले, सासूनं ते थोरल्यांकडे दिले, ते ट्रंकेत गेले. घरात सगळ्यांचं सगळं असतं, यात कुणाला वावगं वाटलं नाही. वर्षभरात काकूनं शिवण सोडलं. डोळे दुखतात म्हणाली. पुढं चुली वेगळ्या झाल्या, तेव्हा त्याच डोळ्यांनी तिनं शिवून दोन मुली शिकवल्या. एकत्र कमाईत माणसं आळशी होतात असं लोक सहज म्हणून जातात. मी पाहिलं ते असं की ज्याची कमाई कुणाच्या नजरेत भरत नाही, त्याचा हात आखडतो. ट्रंकेत पैसे सगळ्यांचे होते, पण किती आहेत हे एकालाच माहीत होतं.

यावर एक उपाय मला अमेरिकेतल्या एका वस्तीचा फार पटला. व्हर्जिनियात ट्विन ओक्स नावाची, 1967 पासून चालत आलेली. माणसं शंभराच्या आत. झोपाळे विणून, टोफू करून त्यांनी पोट भरलं, आणि कमाई सगळ्यांची एक. तिथं प्रत्येकानं आठवड्याला चाळीसएक तास काम द्यायचं, आणि स्वयंपाक, भांडी, पोरं सांभाळणं हे त्या तासांत धरलेलं असतं. बाहेरून पैसे आणणारा तास आणि भाकरी करणारा तास, दोन्ही सारखे. वर प्रत्येकाला दरमहा थोडा हातखर्च मिळतो, त्याचं काय केलं हे कुणी विचारत नाही. आणि येताना आणलेली जुनी पुंजी ज्याची त्याचीच राहते. तिथं राहत असेपर्यंत ती वापरायची नाही, एवढंच. किती शहाणपण आहे या तीन गोष्टींत! घरकाम मोजलं, न विचारता खर्चायला थोडे पैसे दिले, आणि निघायची वेळ आली तर माणूस रस्त्यावर येणार नाही हे पाहिलं.

तुमच्या पत्रात चारही बायकांच्या कामाचा उल्लेख एका ओळीचा आहे: स्वयंपाकघर एक. अकरा माणसांचा स्वयंपाक पुरात तीन आठवडे होतो, कारण तेव्हा सगळेच बाजूला सारलेलं आयुष्य जगत असतात. तोच रोज, वर्षानुवर्षं, कोण करणार? तुम्ही शाळेतून साडेपाचला याल. ज्या घरी असतील त्यांच्यावर ते पडेल आणि त्यांची कमाई खात्यात शून्य दिसेल. हा प्रश्न पुरुष मांडणार नाहीत, तुम्हीच मांडा, आणि त्या तिघींना बरोबर घेऊन मांडा.

साताऱ्याचं एक उदाहरण आपल्याला सगळ्यांना पाठ आहे, पण या बाजूनं आपण ते पाहत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढलं. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत, कामं वाटून घेतलेली, शिक्षणासाठी कष्ट करायचे. एकत्र जगण्याचा त्याहून मोठा प्रयोग आपल्या भागात झाला नाही. पण धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंचे दागिने गेले. त्यांनी ते आनंदानं दिले आणि त्यांचं थोरपण आपण गातो, गायलाच पाहिजे. तुमच्या चार घरांत मात्र अशी वेळ आली तर कुणाचं सोनं जाणार, हे कुणाच्या थोरपणावर सोपवू नका. तुमचा ठरलेला पगार हेच त्या शेतातलं सोनं आहे. गारपीट झाली, छापखान्याला काम नसलं, तर सगळ्यांचे डोळे महिन्याच्या त्या एका तारखेकडे लागतील.

"मित्रांत हिशेब आला की मैत्री गेली" या वाक्याबद्दल मला कळकळीनं सांगायचंय. नोकरीत मी शेकडो सोसायट्यांची दप्तरं पाहिली. वार्षिक सभेत सचिव उभा राहतो, "अहवाल वाचला असं समजून..." म्हणतो आणि मागून "मंजूर, मंजूर" येतं. ज्या गावात हे वाक्य चालायचं तिथली पेटी मी उघडायच्या आधीच मला कळायचं. आणि काही गावं अशी होती की एखादी म्हातारी सभासद उठून विचारायची, "खताचं भाडं मागल्या सालापेक्षा का वाढलं?" तिला उत्तर मिळायचं. तिथं भांडणं व्हायची, पण संस्था उभी राहायची. म्हणून महिन्यातून एकदा जेवणानंतर हिशेब मोठ्यानं वाचायचा, दर महिन्याला वेगळ्यानं, आणि वाचणाऱ्यांत तुम्ही चौघीही असल्या पाहिजेत. बँकेचा मेसेज एकट्याच्या मोबाइलवर येऊ देऊ नका.

सासूबाईंच्या बोलण्यातही तथ्य आहे, फक्त थोडं निराळं. भावांनी एकमेकांना निवडलेलं नसतं, तुम्ही निवडलंय. ती तुमची जमेची बाजू. पण भावांच्या मागं कायदा असतो. हिस्सा कुणाचा किती, बहिणीचा किती, वाटणी कशी मागायची, सगळं ठरलेलं. आणि तिथंसुद्धा गुंतागुंत किती! आमच्या घरानं एका चुलतभावाला सामाईक पैशातून इंजिनिअर केलं. सगळ्यांची समजूत अशी की त्याचा पगारही घरचा. त्यानं काही वर्षं पैसे पाठवले, मग पुण्यात घर घेतलं. घरात केवढा कल्लोळ झाला. पण 1930 चा एक कायदाच आहे की शिक्षणाच्या बळावर मिळवलेलं उत्पन्न ज्याचं त्याचं, शिक्षण घरच्या पैशानं झालेलं असलं तरी. तो चुकला नव्हता आणि घरही चुकलं नव्हतं. आधी कुणी बोललंच नव्हतं. सख्ख्यांची ही गत, तर मित्रांना कायद्याचा आधार जवळपास नाहीच. लिहून ठेवाल तेवढाच.

काही गोष्टी रोखठोक. पलूसची जमीन एकाच्या सातबाऱ्यावर आहे; त्यावर तुम्ही घर बांधलंत तर पैसे तुमचे आणि जमीन त्यांची, उद्या त्यांच्या वारसांची. तुमच्यापैकी ज्याच्या नावावर कुठंच शेती नाही त्याला महाराष्ट्रात कूळकायद्यामुळं परवानगीशिवाय शेतजमीन विकतही घेता येत नाही. बांधकामाची परवानगी वेगळी. पगार ज्याच्या नावावर, आयकर त्यालाच, मग पैसे कुठल्याही खात्यात जावोत. आणि नात्यात नसलेल्यांकडून वर्षात पन्नास हजारांहून जास्त रक्कम नुसतीच आली तर ती घेणाऱ्याचं उत्पन्न धरली जाते. तेव्हा "आपलं एक खातं" इतकं सोपं नाही. भागीदारी, सहकारी संस्था असं काहीतरी रूप लागेल. तुम्ही शिक्षिका आहात, धंद्यात भागीदार व्हायला तुम्हाला परवानगी लागते. चांगला सीए आणि जमिनीचे व्यवहार पाहणारा वकील, दोघांकडे आठही जणांनी मिळून जा. नवरेच जाऊन आले असं होऊ देऊ नका. तुमच्या नावे पेन्शन खात्यात जे साठतंय त्याला या बोलण्यात आणूच नका.

आता सुरुवात. माझं मत स्पष्ट आहे: आधी खर्च एकत्र करा, कमाई नंतर. किराणा, वीज, दूध, पोरांची ने-आण, आजारपणाचा एक फंड. प्रत्येक घरानं आपल्या उत्पन्नाचा ठरलेला हिस्सा द्यायचा, टक्क्यात, म्हणजे जास्त मिळवणारा जास्त देईल आणि त्याला ते दिसेल. बाकीचे पैसे ज्याचे त्याच्याकडे. असं एक हळदीचं साल जाऊ द्या, लागणीपासून पट्टी हातात येईपर्यंत. पलूसला चार घरं बांधायच्या आधी विश्रामबागलाच दोन फ्लॅट शेजारी भाड्यानं घेऊन हे करता येतं. मग हिस्सा वाढवावासा वाटला तर वाढवा. तुम्ही पुढं कधी शंभर टक्क्यांवर आलात तर मला आनंद होईल, पण तिथं पायरीपायरीनं पोचा.

आणि पहिल्याच दिवशी, सगळे आनंदात असताना, सोडून जायचं कसं ते लिहा. जाणाऱ्याला काय मिळणार, घराची किंमत कोण ठरवणार, किती हप्त्यांत. कुणी वारलं तर त्याच्या बायकोचं काय. मुलं अठराची झाली की त्यांच्यावर काही बंधन नाही, हेही. किबुत्झात आणि हटराइटांत जाणाऱ्याला फारसं काही मिळत नव्हतं, त्यामुळं माणसं थांबली हे खरं आहे. पण माणूस अडकून थांबलेला आणि मनानं थांबलेला, हा फरक जेवायला बसल्यावर ताटातही कळतो. तुम्हाला दुसऱ्या प्रकारची माणसं हवी आहेत.

आपल्या जिल्ह्यात म्हैसाळला मधुकर देवलांनी दलित कुटुंबांच्या जमिनी एकत्र करून विठ्ठल संयुक्त सहकारी शेती सोसायटी उभी केली. एकेकट्याला जे शक्य नव्हतं ते त्या कुटुंबांनी एकत्र येऊन केलं. बळीराजा धरणाच्या वेळी खानापूर तालुक्यातल्या लोकांनी भूमिहीनांनाही पाण्याचा वाटा ठरवून दिला. म्हणजे वाटून घेणं आपल्या मातीला नवं नाही. पण दोन्हीकडे वाटा किती आणि कुणाचा हे आधी ठरलेलं होतं. यजमानांना हे वाचून दाखवा आणि त्यांचं काय म्हणणं ते मला कळवा.

प्रश्न:

काकू, आम्ही तिघे भाऊ, कोरेगाव तालुक्यात. दोन बहिणी सासरी. वडील चार वर्षांपूर्वी वारले. आता चुली वेगळ्या झाल्यात, पण रान एकत्र आहे. सातबाऱ्यावर थोरल्या दादाचं नाव ए.कु.मॅ. म्हणून आहे आणि उसाचं बिल त्याच्याच खात्यावर येतं. तो वाटून देतो, फसवत नाही. तरी माझी बायको म्हणते की किती आलं ते कळत नाही. चूल वेगळी झाल्यावर रान एकत्र ठेवणं बरोबर आहे का? दादाला विचारलं तर वाईट वाटेल.

रा. कोरेगाव, जि. सातारा

उत्तर:

रान एकत्र ठेवा. तुकडे केले तर विहीर, मोटर, वाट, सगळ्यावर वाद होतील. पण नावं एकत्र ठेवू नका. ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. त्या तीन अक्षरांच्या मागं तुम्ही सगळे झाकले गेलाय. तलाठ्याकडे अर्ज देऊन सगळ्या वारसांची नावं लावून घ्या, बहिणींचीही. 2005 च्या दुरुस्तीनं मुलींना मुलांइतकाच हक्क आहे, तो त्यांना साडीचोळीत वळता करू नका. पुढं कधी वाटणी करायचीच झाली तर जमीन महसूल कायद्याच्या कलम 85 खाली सगळ्यांच्या संमतीनं तहसीलदार करून देतात.

कारखान्याकडे उसाची नोंद आपापल्या क्षेत्रापुरती आपापल्या नावावर करता येईल का ते गटाच्या शेतकी ऑफिसात विचारा. तसं झालं तर बिल ज्याचं त्याच्या खात्यावर येतं आणि दादांवरचा वाटून द्यायचा भारही उतरतो. त्यांना असंच सांगा, की भार उतरवायचाय. ते खरंही आहे. तोपर्यंत बिलाची पावती आली की तिघांच्या बायकांनाही दाखवायची.

आई आहेत का ते तुम्ही लिहिलं नाहीत. असतील तर वारसांत त्यांचंही नाव लागतं. अर्जात ते पहिलं लिहा.